एकच क्षण सांगा, आख्खा सिनेमा नको

गोव्यातल्या हळदोण्याच्या तिंट्यावर, म्हणजे गावच्या बाजारात, संध्याकाळी सात वाजले की बाबुशचा गाडा लागतो. स्टोव्हची घरघर, तव्यावर अंडं पडल्याचा चर्र आवाज, बाजूच्या टोपात खदखदणारा शागुतीचा रस. ऑम्लेट बशीत आलं की बाबुश त्यावर डावभर रस ओततो, मूठभर कच्चा कांदा, लिंबाची फोड, दोन पाव, आणि बशी हातात देतो. गाड्याला लागून एका बंद दुकानाची लांब सिमेंटची पायरी आहे. तोच आमचा कट्टा. मी म्हापशात राहायला गेलो त्याला अकरा वर्षं झाली, पण रविवारची संध्याकाळ अजून त्या पायरीवरच जाते.

डिसेंबरचा दुसरा रविवार होता. समोरच्या अंगणात दोन पोरं नखेत्र, म्हणजे नाताळचा चांदणीच्या आकाराचा कंदील, बांधत होती. बाजारात दीडशे रुपयांना तयार मिळतं, तरी ही दोघं बांबूच्या कांबी सोलून बसली होती. पाच टोकांचे दोन सांगाडे करायचे, ते टोकांना सुतळीने एकमेकांना बांधायचे, मग मधे आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं, आणि वर पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा. खळ जास्त झाली की कागद विरतो, कमी झाली की सकाळच्या दवाने सुटतो. त्यांचा लाल कागद दोनदा फाटला. तिसऱ्यांदा धाकट्याने श्वास रोखून तो लावला आणि आम्ही सगळे बोलायचे थांबून बघत राहिलो.

तेवढ्यात दामूने विचारलं, "सिनेमातला नाताळ म्हटल्यावर तुम्हाला पहिलं काय आठवतं?"

सरांनी लगेच अट घातली. सर तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते आणि निवृत्त होऊनही ती सवय गेलेली नाही. "सिनेमाचं नाव सांगून मोकळं व्हायचं नाही. एकच क्षण सांगा, आख्खा सिनेमा नको. पडद्यावर काय दिसतं, माणसाच्या हातात काय आहे, ते सांगा."

दामूची तयारी होती. "डाय हार्ड. शेवटची मारामारी. हिरोने हात डोक्यावर घेतलेत, व्हिलनला वाटतं हा संपला. आणि त्याच्या पाठीला पिस्तूल चिकटवलेलं आहे."

"यात नाताळ कुठे आला?" सर म्हणाले.

"चिकटवलं कशाने? भेटवस्तू बांधायच्या टेपने. शुभेच्छा छापलेली टेप. नाताळच्या रात्री ऑफिसात पार्टी नसती, तर ती टेप तिथे नसती आणि हा माणूस मेला असता. नाताळने त्याला वाचवलं. आणखी काय पाहिजे?"

मला हे पटलं. डाय हार्ड नाताळचा सिनेमा आहे की नाही यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात, पण बहुतेकांचं भांडण बाहेरच्या गोष्टींवर असतं: झाड दिसतं का, गाणी आहेत का, शेवटी बर्फ पडतो का. दामूने गोष्टीच्या आतला पुरावा दिला. सर मात्र हलले नाहीत. तो सिनेमा १९८८च्या जुलैत लागला होता, म्हणाले. आणि खुद्द ब्रूस विलिसने २०१८ साली भर कार्यक्रमात तो नाताळचा सिनेमा नसल्याचं जाहीर केलं.

"नट काय सांगतो ते सोडा, लिहिणारा काय म्हणतो ते बघा," दामू म्हणाला. "पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एकजण म्हणतो, हा नाताळचाच. स्टीव्हन डिसूझा."

जुझे इतका वेळ पाव मोडत गप्प होता. त्याने मान वर केली. "डिसूझा? मागीर सोंपलें."

"अमेरिकेतला आहे तो, जुझे."

"आसूं दी. डिसूझा तो डिसूझा."

जुलैचा मुद्दा दामूच्या भाचीने खोडला. वेदा पुण्याला शिकते, सुट्टीला आलेली. तिने सांगितलं की मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट हा तर सांताक्लॉजवरच बेतलेला सिनेमा, तोही १९४७ साली ऐन मे-जूनमध्ये लागला होता, आणि त्यातल्या सांताच्या भूमिकेसाठी एडमंड ग्वेनला ऑस्कर मिळालं. "लागला कधी यावर ठरवायचं तर सर, तोही बाद करावा लागेल."

सरांनी चष्मा पुसला. तो त्यांचा होकार असतो.

भाईंना इंग्रजी सिनेमांत रस नाही. त्यांचं सगळं आयुष्य म्हापशाच्या अलंकार टॉकीजमध्ये हिंदी सिनेमे बघण्यात गेलं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. ते म्हणाले, "आपलं ते अंडं. अमर अकबर अँथनी. पार्टी चाललीय, मधोमध हे भलंमोठं अंडं, ते उघडतं आणि आतून टोपी-कोट घातलेला अमिताभ. असा नाताळ पुन्हा पडद्यावर आला नाही."

जुझेने बशी खाली ठेवली. "भाई, तें ईस्टर."

"काय?"

"ईस्टर. अंडं ईस्टराचं. नाताळाक अंडं खंयचें? नाताळाक गोठो, नखेत्र, मिस." (गोठो म्हणजे येशूजन्माचा देखावा, मिस म्हणजे चर्चमधली प्रार्थना.) आणि मग मराठीत, एकेक शब्द वेगळा करून, "नाताळ म्हणजे जन्मला. ईस्टर म्हणजे मेल्यावर परत उठला. अंडं फुटतं म्हणजे थडगं उघडतं. १९७७ सालापासून तुम्ही ते नाताळ म्हणून बघताय?"

भाई खरंच गप्प झाले. चाळीस-पन्नास वर्षं मनात धरून ठेवलेला नाताळ एका वाक्यात मार्च-एप्रिलमध्ये जाऊन पडला. मला वाईट वाटलं त्यांचं. पण जुझेला त्याहून वाईट वाटलं असावं, कारण त्यानेच पुढे बाजू सावरली. म्हणाला, सण चुकला, माणूस चुकला नाही. त्या गाण्यातलं नाव आपल्या माजोर्ड्याच्या माणसाचं आहे. अँथनी गोन्साल्विस हे खरे व्हायोलिनवादक, १९२७चा जन्म, मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवायचे आणि पोरांना शिकवायचे. त्यांच्याकडे शिकलेला एक पोरगा प्यारेलाल. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधला. त्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं.

"आणि आपला चिक चॉकलेट," बाबुश तव्यावरून म्हणाला. हळदोण्यात हे नाव कोणी ना कोणी काढतंच. आंतोनियो शावियेर वाझ, ट्रम्पेटवाला, सी. रामचंद्रांचा सहायक, ‘अलबेला’च्या गाण्यांत जो ठेका पाय उचलायला लावतो त्यात या गावच्या माणसाचा श्वास आहे. आमच्या पायरीवर हे सगळ्यांना पाठ आहे, तरी दर वेळी कोणीतरी सांगतो आणि बाकीचे पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकतात. मला ते आवडतं. हिंदी सिनेमाने ख्रिस्ती माणूस दाखवला तो बहुतेक दारूडा, गुंडाचा हस्तक किंवा क्लबात नाचणारी पोरगी म्हणून. पण त्या सिनेमांच्या वाद्यवृंदात पाठीमागे बसलेले कितीतरी हात गोव्याचे होते. पडद्यावर त्यांचा सण नीट आला नाही, त्यांचे सूर मात्र प्रत्येक सणाला वाजले. ही माझी जुनी तक्रार आहे आणि मी ती सोडणार नाही.

भाईंनी दुसरा क्षण शोधायला मुदत मागितली. पाळी वेदाची.

तिने लव्ह अ‍ॅक्च्युअली सांगितला. दामूने तोंड वाकडं केलं. हा सिनेमा गोड आहे, सगळ्यांची लग्नं लागतात, वगैरे. वेदा म्हणाली, "मामा, एक मिनिट. एमा थॉम्प्सनला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सोन्याचा हार सापडलेला असतो. तिला वाटतं, आपल्यासाठी. मग भेटी उघडायची वेळ येते, तिच्या हातात चौकोनी खोकं येतं, आणि आत गाण्यांची सीडी. म्हणजे हार दुसऱ्या कोणाला गेला. ती मुलांसमोर हसते, काहीतरी कारण सांगून बेडरूममध्ये जाते, गाणं लागतं, ती उभ्या उभ्या रडते. आणि मग बाहेर जायच्या आधी ती काय करते? पलंगावरची चादर हाताने सारखी करते."

कोणी काही बोललं नाही.

"मी तेवढीच चादर सांगतेय," वेदा म्हणाली. "बाकीचा सिनेमा गोड असो नाहीतर कडू."

त्यात जे गाणं वाजतं ते जोनी मिचेलचं, हेही तिनेच सांगितलं. मिचेलने ते आधी १९६९ साली गायलं होतं, कोवळ्या आवाजात. आणि २००० साली पुन्हा गायलं, जाड, पिकलेल्या आवाजात. सिनेमात हा दुसरा आवाज आहे. तेच शब्द, पण गाणाऱ्या बाईच्या गळ्यातून तीस वर्षं गेलेली. हे कळल्यावर मी घरी येऊन दोन्ही ऐकली. कोवळ्या आवाजावर ती चादर सारखी झाली नसती.

दामूचं लक्ष भलतीकडेच होतं. "थांब. तो नवरा म्हणजे अ‍ॅलन रिकमन ना? डाय हार्डचा व्हिलन! म्हणजे दोन्ही सिनेमांत नाताळ नासवणारा एकच माणूस!" या शोधाचा त्याला इतका आनंद झाला की त्याने सगळ्यांसाठी आणखी एकेक ऑम्लेट सांगितलं.

सरांचा क्षण मला आधीच माहीत होता, कारण दर डिसेंबरला ते तो सांगतात. इट्स अ वंडरफुल लाइफ, १९४६, फ्रँक काप्रा. छोट्या झूझूला शाळेत एक फूल मिळालेलं असतं. पाकळ्या गळतात. ती बापाला म्हणते, परत चिकटव. बाप पाठ फिरवतो, चिकटवल्याचं नाटक करतो, आणि गळलेल्या पाकळ्या गुपचूप आपल्या खिशात टाकतो. मग कर्जाचं संकट, पुलावरून उडी घ्यायचा विचार, आणि देवदूत त्याला दाखवतो की तू जन्मलाच नसतास तर गाव कसं असतं. त्या जगात तो खिसा चाचपतो. पाकळ्या नाहीत. म्हणजे मुलगीच नाही. शेवटी तो परत येतो, खिशात हात घालतो आणि पाकळ्या असतात.

"अर्ध्या मुठीत मावतील एवढ्या पाकळ्या," सर म्हणाले. "त्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. मी पोरांना निबंधात हेच सांगायचो. मोठा शब्द वापरू नका, खिशात काय आहे ते लिहा."

मला या सिनेमाचं नशीब जास्त विलक्षण वाटतं. पहिल्यांदा लागला तेव्हा त्याने अपेक्षेएवढा धंदा केला नव्हता. अमेरिकेत तेव्हा हक्कांची मुदत २८ वर्षांची, नंतर नूतनीकरण करावं लागे. १९७४ साली कोणी ते केलंच नाही. टीव्हीच्या वाहिन्यांना फुकट सिनेमा मिळाला, त्यांनी दर नाताळात तो पुन्हा पुन्हा लावला, आणि घराघरांतली एक पिढी त्यावर वाढली. कोणीतरी एक कागद भरायला विसरला म्हणून हा सिनेमा जगला.

"पण त्यातला बर्फ खोटा," जुझे म्हणाला.

सरांना हा वार वाटला. त्यांनी मग बर्फाचं सगळं काढलं: शूटिंग १९४६च्या उन्हाळ्यात झालं, नट घामाघूम होते, त्याआधी पडद्यावर बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत, काप्राच्या माणसांनी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचा नवा बर्फ केला, जो आवाज न करता पडायचा. "म्हणून त्या पुलावर जेम्स स्ट्युअर्टचा आवाज तिथल्या तिथे घेता आला. खोटा बर्फ होता म्हणून खरा आवाज मिळाला."

"तें बरें," जुझे म्हणाला, "पूण आमगेर नाताळाक बर्फ खंयचो? माझ्या नातवाने गोठ्यावर कापूस पसरलाय. मी विचारलं, हे काय? म्हणतो, स्नो. बेथलेहेमात स्नो, हळदोण्यात स्नो. सिनेमांनी पोरांची डोकी भरलीत. आमची रात्र कोणी दाखवणार की नाही? उकाडा गेलेला, पहाटे दव, चर्चच्या पायऱ्यांवर नव्या कपड्यांची माणसं, मिस संपल्यावर एकमेकांचे हात धरणारी, घरी दोदोल, बिबिंक, नेवऱ्या. हें खंय आसा?"

भाईंनी ‘त्रिकाल’चं नाव घेतलं. बेनेगलांचा, १९८५चा, लोटलीला मारियो मिरांडांच्या घरात चित्रित झालेला. जुझे म्हणाला, घर खरं आहे, माणसं खरी आहेत, पण त्या घरात आधी मरण येतं. मला हवी ती रात्र त्यात नाही. वेदाने श्रीराम राघवनचा ‘मेरी ख्रिसमस’ सुचवला. मुंबई अजून बॉम्बे होती तेव्हाची एक नाताळची रात्र, बर्फ नाही, आणि शेवटची काही मिनिटं एका अंगठीवर, जवळजवळ न बोलता. दामू म्हणाला, तो लागला १२ जानेवारीला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. दामू ओशाळून ऑम्लेट खायला लागला.

मग भाई हळूच म्हणाले, "मला विचाराल तर १९६१चा नाताळ दाखवावा कोणी." आम्ही थांबलो. "१९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. सहा दिवसांवर नाताळ. जाताना पोर्तुगीजांनी पूल उडवलेले. माझे वडील सांगायचे, त्या वर्षी कोणाला कळेना की शेजारी आनंदात आहे की भीतीत. पण २५ला सकाळी आमच्याकडे ताट आलं. नेहमीसारखं. आईने ते घेतलं आणि दारातच रडली. मी तेव्हा नव्हतो. पण हा क्षण माझ्या डोळ्यांसमोर सिनेमासारखा आहे. अंड्याच्या बदल्यात हा घ्या."

सरांनी नियमात बसत नाही म्हटलं नाही. मीही हा क्षण यादीत सगळ्यात वर ठेवतो, जरी तो अजून कोणी चित्रित केलेला नाही.

जुझेने शेवटी आपलं सांगितलं ते होम अलोनचं. आम्हाला वाटलं चोर, तापलेली मूठ, रंगाचे डबे. नाही. जुझे बावीस वर्षं तारवटी होता, तेलाच्या जहाजांवर पंपमन. नव्वदच्या दशकातले बहुतेक नाताळ त्याने आखातात काढले. मेसमध्ये व्हिडिओ होता आणि डझनभर कॅसेटी.

"सगळे पोराला बघून हसायचे. मी आईला बघायचो. पॅरिसच्या विमानात तिला कळतं, पोरगा घरीच राहिला. परत निघते. विमान मिळत नाही. शेवटी वाजंत्रीवाल्यांच्या गाडीत मागे बसून निघते, रात्रभर. तो जाडा वाजंत्रीवाला, जॉन कँडी, तिला धीर द्यायला सांगतो की मीही एकदा माझ्या पोराला विसरलो होतो, तेही प्रेत ठेवायच्या जागी. आणि ती बाई... तोंड बघा तिचं. तिला हसायचं नाही, रडायचं नाही, तिला फक्त घरी पोचायचंय." त्याने बोटाने बशीतला रस पुसला. "आम्ही अठरा माणसं होतो त्या मेसमध्ये. सगळे तारवटी. त्या गाडीत आम्ही सगळे बसलो होतो."

हा सिनेमा मी पंधरा वेळा तरी पाहिला असेन. ती गाडी मला विनोदी प्रसंग वाटायची. आता वाटणार नाही.

भाईंना त्याच सिनेमातलं चर्च आठवलं. आठ वर्षांचा केविन बाकावर, बाजूला येऊन बसलेला म्हातारा मार्ली, ज्याला सगळी गल्ली घाबरते, आणि समोर गाणाऱ्या पोरांत त्याची नात. मुलाशी भांडण झालंय म्हणून नातीला भेटता येत नाही, तर निदान तालमीला येऊन तिचं गाणं ऐकतोय. पोरगा म्हणतो, फोन करा ना मुलाला. आणि अगदी शेवटी केविन खिडकीतून बघतो तर समोरच्या घरासमोर म्हाताऱ्याने नातीला उचलून घेतलंय. दोघांत वाद सुरू झाला, गाडी मोठी की चर्च मोठं, आणि आवाज इतके चढले की नखेत्रवाली पोरं कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"माझं ऐकणार?" बाबुश म्हणाला. त्याच्या हातात अंडं होतं. "मिस्टर बीन."

दामू हसला. टर्की डोक्यात अडकते तो प्रसंग त्याने हातवारे करून दाखवायला सुरुवात केली.

"ते नाही. तो घरी बसून नाताळची कार्डं लिहितो. मग दाराबाहेर जातो, स्वतःच टपालाच्या फटीतून आत टाकतो, आत येतो, आणि उचलून खूश होतो. मला कार्ड आलं म्हणून." त्याने अंडं तव्याच्या काठावर फोडलं. "पोरं हसतात. मला कधी हसायला आलं नाही."

१९९२चा तो भाग सगळ्यांनी पाहिलेला होता. कोणालाच कार्डं आठवली नव्हती.

मग माझी पाळी. माझा क्षण मी ठरवून आलो होतो, पण बाबुशनंतर तो सांगणं सोपं राहिलं नाही, कारण तो त्याच गल्लीतला आहे.

‘३६ चौरंगी लेन’, १९८१, अपर्णा सेन यांचा पहिला सिनेमा. कलकत्त्यात एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका, व्हायोलेट स्टोनहॅम. भूमिका जेनिफर केंडल यांची. पोरींना शेक्सपिअर शिकवते, घरी एक मांजर. जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र तिच्या फ्लॅटवर यायला लागतात. त्यांना भेटायला जागा हवी असते, ती लेखनाचं कारण सांगतात. बाईंना वाटतं, घर भरलं. पुढे त्या दोघांचं लग्न होतं, स्वतःचं घर होतं, आणि बाईंची गरज संपते. नाताळ येतो. बाई त्यांच्यासाठी केक करतात. ते दोघं म्हणतात, आम्ही गावाला जाणार आहोत. तरी केक निदान ठेवून यावा म्हणून बाई रात्री त्यांच्या घरी जातात. खिडकीत दिवे. आत पार्टी. हसणं, गाणं, माणसं. केक हातात धरून ती बाई बाहेरून बघते.

ती बेल वाजवत नाही. वळते आणि चालायला लागते. रिकाम्या रस्त्यावर एक भटकं कुत्रं मागे येतं, आणि ती त्याला किंग लिअरचे शब्द म्हणून दाखवते, जे तिने जन्मभर वर्गात शिकवले.

मी म्हणालो, नाताळचे जे क्षण मनात राहतात ते दिव्याखालच्या माणसाचे नसतात, खिडकीबाहेरच्या माणसाचे असतात. जुझेच्या गाडीतली आई, भाईंचा म्हातारा, बाबुशचा बीन, सगळे बाहेरचे. आणि या सगळ्यांत चौरंगी लेनची बाई सगळ्यात बाहेरची, कारण तिच्यासाठी शेवटी कोणी दार उघडत नाही. म्हणून तो सगळ्यात मोठा.

सरांना पटलं नाही. त्यांच्या मते नाताळच्या क्षणात दार उघडलंच पाहिजे. उघडत नसेल तर तो मोठा क्षण असेल, पण नाताळचा नव्हे. "जन्माचा सण आहे. शेवटी काहीतरी जन्मायला हवं." वेदा माझ्या बाजूने. जुझे म्हणाला, सर बरोबर आहेत. दामू म्हणाला, तिच्याकडे टेप असती तर. त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

"तुला तोच का लागला इतका?" जुझेने विचारलं.

मी सांगणार नव्हतो. पण सांगितलं. आमच्या जुन्या घराला लागून तिया (म्हणजे मावशी) राहते. तिची दोन्ही मुलं इंग्लंडात. मी लहान असल्यापासून २५ला सकाळी कुंपणावरून ताट यायचं: कुलकुल, नेवऱ्या, दोदोलाचे तुकडे, बिबिंकाची एक फोड, वर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. चवथीला आमच्याकडून तिला जायचं. मी म्हापशात गेलो, आई-बाबा गेले, घराला कुलूप लागलं. एका वर्षी तियेने फोन केला, ताट काढून ठेवलंय, ये. मी म्हटलं, आम्ही गावाला जातोय. जात नव्हतो. घरी मित्रांना बोलावलं होतं आणि मधेच उठून हळदोण्याला यायचा कंटाळा आला होता. ३ जानेवारीला काही कामासाठी आलो तेव्हा तिच्याकडे डोकावलो. ताट टेबलावर होतं. रुमालासकट. नेवऱ्या मऊ पडल्या होत्या, कुलकुलांना ओल आली होती. तिने ते माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाली, दोदोल बरें आसा, खा. मी खाल्लं. तिने काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात कधीतरी हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि खिडकीशी आलो तेव्हा बंद केला. आतली माणसं मला दिसायला लागली होती.

बाबुशने स्टोव्ह बारीक केला. समोर नखेत्रात बल्ब घातला होता; लाल कागदावर बांबूच्या कांब्या काळ्या रेघांसारख्या उमटल्या आणि एका टोकाला जिथे कागद फाटून पुन्हा चिकटवला होता तिथे दुहेरी, गडद लाल दिसत होतं.

"आनी मागीर?" जुझे म्हणाला. "मागचीं वर्सां गेलो?"

"एकदा. पाच मिनिटं."

"औंदा?"

सर माझ्याकडे बघत होते. वेदा पण.

"२५ला सकाळी," मी म्हणालो.

"सकाळची मिस करून ती नवापर्यंत घरी येते," जुझे म्हणाला. "साडेनवाला जा. बायल-भुरगीं घेऊन. आणि रिकाम्या हाताने नको." मग त्याने उठून बाबुशला पैसे दिले, भाईंचेही दिले, आणि जाता जाता सरांना म्हणाला की गाडी चर्चपेक्षा मोठी, यावर तो पुढच्या रविवारी बोलणार आहे.